तांब्याची धरसोड

कॉपर पेप्टाइडची पावडर मी पहिल्यांदा पाहिली त्याला आता अकरा वर्षं झाली. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. दुसऱ्यांच्या नावाने क्रीम, शाम्पू, सीरम बनवून देणारा, धंद्यात ज्याला थर्ड पार्टी म्हणतात तो. मी तिथे फॉर्म्युलेशन बघते. सप्लायरचा माणूस आला, त्याने बॅगेच्या आतल्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेली बोटभर उंचीची बाटली काढली आणि सोनार गिऱ्हाइकापुढे कुडी ठेवतो तशी टेबलावर ठेवली. आत चमचाभर निळी पूड. माझ्या तोंडून निघून गेलं, "अय्या, मोरचूद!"

तो दुखावला. "मॅडम, हे किलोवर येत नाही, ग्रॅमवर येतं," असं म्हणत त्याने बाटली दोन बोटं स्वतःकडे सरकवून घेतली.

माझाही इलाज नव्हता. निफाड तालुक्यात द्राक्षाच्या बागेत वाढलेल्या माणसाला असलं निळं दिसलं की एकच वस्तू आठवते. पावसाळ्यात वेलींवर डाऊनीचा रोग यायच्या आधी माझे वडील, नाना, बोर्डो मिश्रण करायचे. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. मोरचूद रात्रीच फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये लोंबकळत ठेवलेला असायचा, सकाळी पाणी निळंशार. चुना वेगळा विझवलेला. दोन्ही पाणी एकदम तिसऱ्या ड्रममध्ये ओतायचं, आणि मग माझं आवडतं काम असायचं. घासलेला विळा त्यात बुडवून धरायचा. पात्याला तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय, अजून घाला. नाही चढलं तर चला फवारायला. लोखंडाचं तांबं होताना बघायला मिळावं म्हणून मी मनातल्या मनात चुना कमीच पडू दे म्हणायची. नाना म्हणायचे, "मोकळं तांबं पान जाळतं. त्याला धरून ठेवायचं. हळूहळू सोडेल तेवढंच कामाचं."

नानांच्या सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत निळसर होत्या. पुढे मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, नोकरीला लागले, आणि अकरा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी सप्लायर गेल्यावर त्याने ठेवलेली माहितीपत्रकं वाचत बसले, तेव्हा लक्षात आलं की हे इंग्रजीतलं सगळं पुराण नानांच्या त्या वाक्याभोवतीच फिरतंय.

यातलं पेप्टाइड अगदी लहान असतं. ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन अशा तीन अमिनो आम्लांची साखळी. आम्ही त्याला जीएचके म्हणतो. लॉरेन पिकार्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाने 1973 मध्ये माणसाच्या रक्तद्रवातून ते वेगळं काढलं. या शोधाची सुरुवात त्वचेपासून झालीच नव्हती, यकृतापासून झाली होती. म्हाताऱ्या माणसांच्या यकृताचा तुकडा तरुण माणसाच्या रक्तद्रवात ठेवला तर तो तरुण यकृतासारखा वागू लागतो, असं त्यांना दिसलं. मग ही करामत रक्तातल्या कोणत्या घटकाची, याचा माग काढत ते या तीन मण्यांच्या माळेपर्यंत पोचले. हे जीएचके तांब्याला फार घट्ट धरतं, हे पुढे कळलं. रक्तात तांबं वाहून नेणाऱ्यांपैकी एक अल्ब्युमिन. जीएचकेची पकड साधारण त्याच तोलाची, किंचित वरचढच. म्हणजे वाटेत भेटलं तर त्याच्याकडून तांबं मागून घेईल आणि गरज असेल तिथे सोडूनही देईल. आपल्याकडे धरसोड वृत्ती म्हणजे दोष. या रेणूचं सगळं भांडवल मात्र तेवढंच आहे.

बारावीच्या प्रॅक्टिकलला बाययुरेट टेस्ट केलेली आठवत असेल. अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यात कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाचे दोन थेंब, की जांभळा रंग. तीच ही सोयरीक, तांबं आणि प्रथिनाची. तेव्हा दहा मार्कांसाठी केली होती. तिची किंमत ग्रॅमवर लावता येते, हे कोणी सांगितलं नव्हतं.

केसांचा आणि तांब्याचा संबंध कळायला मात्र मेंढ्या लागल्या. मेंकेस नावाचा लहान मुलांचा एक दुर्मीळ आजार आहे, 1962 मध्ये अमेरिकेत त्याची नोंद झाली. मूल खुरटतं, मेंदूचं नुकसान होतं, आणि डोक्यावरचे केस तारेसारखे राठ, पिळलेले, हात लावला तर तुटणारे असतात. दहा वर्षं कारण सापडत नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या डेव्हिड डँक्स या डॉक्टरांना त्या केसांत ओळखीचं काहीतरी दिसलं. जिथल्या मातीत तांबं कमी, तिथल्या मेंढ्यांची लोकर अशीच होते, तिची कुरळ जाते आणि ती ताठ होते. त्यांनी मुलांच्या रक्तात तांबं मोजलं, ते कमी निघालं. शरीर आतड्यातून तांबं आत घेऊच शकत नव्हतं. ही गोष्ट मला पेप्टाइडच्या सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त पटते. शेतकऱ्याला माहीत असलेली लोकर एका डॉक्टरला पाळण्यातल्या मुलाच्या डोक्यावर दिसली. त्वचेतल्या कोलॅजनचे धागे एकमेकांना गुंफणारं एन्झाइम तांब्याशिवाय चालत नाही, केसांना काळा रंग देणारं एन्झाइमही नाही. एवढं सगळं ज्याच्यावर अवलंबून, तो धातू अख्ख्या माणसात शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. चिमूटही नाही.

आता माझी चूक सांगते.

पहिली मोठी बॅच 50 लिटरची होती, डोक्याला लावायचं सीरम, पेप्टाइड 0.1 टक्का. म्हणजे 50 ग्रॅम. मी ते स्वतः तोललं. ही पूड चमच्याला, बटर पेपरला, ग्लोव्हजला चिकटते. काट्याच्या पॅनवर सांडलेला कणसुद्धा मी ब्रशने गोळा केला. थंड डीएम पाण्यात विरघळवलं तेव्हा बीकरमध्ये पैठणीच्या काठासारखा निळा उतरला. केटलमधला जेल बेस 40 अंशांच्या खाली आला, मी बीकर ओतला, आणि ढवळणी फिरू लागली. आधी गडद निळी वेटोळी, मग सगळीकडे एकसारखा रंग. मी बीएमआर, म्हणजे बॅचची नोंद, भरायला खाली बघितलं. दहा मिनिटांनी केटलवरचे काका म्हणाले, "ताई, रंग उतरला."

उतरला होता. गेला नव्हता, पण गडद निळ्याचा फिका आकाशी झाला होता. पीएच बघितला, ठीक. तापमान ठीक. पेप्टाइड कमी पडलं म्हणावं तर मीच तोललेलं. शेवटी बीएमआरचं पहिलं पान उघडलं, तिथे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : नेहमीचा बेस. आणि आमच्या नेहमीच्या बेसमध्ये 0.1 टक्का डायसोडियम ईडीटीए असतं.

ईडीटीए बिचारं सज्जन आहे. पाण्यातले लोखंडाचे, कॅल्शियमचे अंश पकडून ठेवतं म्हणून क्रीम टिकतं. जवळजवळ प्रत्येक फॉर्म्युल्यात आम्ही ते डोळे झाकून घालतो. पण त्याची तांब्यावरची पकड पेप्टाइडपेक्षा शेकडो पटींनी घट्ट. आणि हिशेब असा की ईडीटीएच्या रेणूचं वजन 372, पेप्टाइडचं 400च्या जरा वर, दोन्ही 0.1 टक्का घातलं तर रेणू जवळजवळ एकास एक. एकूणएक तांबं त्याने काढून घेतलं. फिका आकाशी रंग ईडीटीएच्या तांब्याचा होता. धरणारा बदलला होता, आणि नवीन धरणारा सोडणाऱ्यातला नव्हता.

आमची आजी पितळेच्या पातेल्याला कल्हई केल्याशिवाय ताकाला हात लावू देत नसे. एकदा आईने घाईत कल्हई गेलेल्या गंजात कढीचं ताक ठेवलं, संध्याकाळी हिरवट चव लागली. "कळकलं," आजी एवढंच म्हणाली आणि ताक गोठ्यामागे ओतून आली. मी तशी 50 लिटर बॅच ओतली. ड्रेनमध्ये नाही, ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीत. पण भावना तीच. मालक काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पावडरचं बिल माझ्या टेबलावर ठेवलं.

त्यानंतर मी या रेणूची सासू झाले. ईडीटीए बंद. फार आंबट पीएच नको, नाहीतर हिस्टिडिन तांबं सोडतं. व्हिटॅमिन सी बरोबर तर नकोच. एका क्लायंटने हट्टाने दोन्ही एका बाटलीत मागितलं होतं. मी त्याच्यासमोर दोन बीकर एकत्र केले आणि चहा मागवला. तांबं व्हिटॅमिन सीचं ऑक्सिडेशन जोरात करतं, ते पिवळं पडू लागतं, निळ्यात पिवळं मिसळलं की काय होतं हे बालवाडीतल्या मुलालाही ठाऊक. बीकरकडे बघत बघत तो म्हणाला, "ग्रीन पण चांगला दिसतोय."

दिसण्याचा हा विषय पुढे मला पुरून उरणार होता.

केसांच्या सीरमचा क्लायंट पुण्याचा तरुण होता, हुशार, वाचणारा, मला "मॅम" म्हणणारा. त्याला लेबलवर "नवीन केस उगवतात" असं हवं होतं. मी कपाटातून औषध नियमांचं जाडजूड पुस्तक काढून त्याला अनुसूची जे उघडून दिली. कोणते आजार बरे करतो असा दावा औषधालासुद्धा करता येत नाही, त्याची ती यादी. अंधत्व, दमा, कर्करोग यांच्या पंगतीत टक्कलही बसलेलं आहे, आणि केसांचा रंग बदलणं नि नवीन केस उगवणंही. आपलं तर औषधही नाही, कॉस्मेटिक. त्याने विचारलं, मग मिनॉक्सिडिल थोडंसं घालू? मी म्हटलं, ते औषध आहे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्यावर आलं, अमेरिकेत 1988 मध्ये परवानगी मिळाली ती चाचण्या करून. कॉस्मेटिकच्या लायसन्सवर त्याला हात लावता येणार नाही. शेवटी लेबलवर आलं : केस दाट दिसण्यासाठी. "दिसण्यासाठी" या एका शब्दावर आमचा अख्खा उद्योग उभा आहे, हे मी विनोदाने म्हणत नाही.

तो मला विचारायचा, "पण मॅम, तुम्हाला काय वाटतं? काम करतं का?" मी त्याला खरं तेच सांगायची. त्वचेसाठी आधार बऱ्यापैकी आहे. फ्रान्समध्ये रॅन्सच्या माकार यांच्या गटाने 1988 मध्ये दाखवलं की ताटलीत वाढवलेल्या त्वचेच्या पेशी जीएचके-तांब्याने जास्त कोलॅजन बनवतात. त्यांचं म्हणणं आणखी सुंदर होतं. हीच तीन मण्यांची माळ कोलॅजनच्या धाग्यातही ओवलेली आहे, म्हणजे जखम झाली, धागा तुटला, की तुकडे मोकळे होतात आणि तेच दुरुस्तीचा निरोप देतात. पण निरोप ताटलीत देणं वेगळं आणि चेहऱ्यावर वरून चोळून देणं वेगळं. लेझरने चेहऱ्याचा वरचा थर काढलेल्या मोजक्या रुग्णांवरचा 2006 चा एक अभ्यास मला नेहमी आठवतो. काहींना तांब्याच्या पेप्टाइडची मलमं दिली, काहींना नाही. लाली, सुरकुत्या सगळं मोजलं. दोन्ही गटांत मोजण्याइतका फरक नाही. पण पेप्टाइडवाले रुग्ण आपल्या त्वचेवर जास्त खूश होते. हे वाचून मी हसले होते. आता हसत नाही.

केसांसाठीचा आधार आणखी विरळ. उनो नावाच्या संशोधकाने 1993 मध्ये विरळ लव असलेल्या उंदरांवर मिनॉक्सिडिलबरोबर तांब्याचं पेप्टाइड तपासलं, तिथे ते चांगलं वागलं. सोलमध्ये 2007 मध्ये माणसाच्या केसांची मुळं ताटलीत ठेवून जीएचकेचा चुलतभाऊ एएचके तपासला, ग्लायसिनच्या जागी ॲलनिन. मुळं लांबली, आणि तीही इतक्या सूक्ष्म मात्रेत की आमच्या काट्यावर ती दिसणारही नाही. ही शेवटची गोष्ट मी त्या मुलाला उत्साहाने सांगितली. सांगायला नको होती.

त्याच वर्षी बदलापुरात आमच्या सोसायटीत डेंगू फिरला. ऑक्टोबरमध्ये मला झाला. जानेवारीत न्हाताना हातात केसांचा पुंजका आला. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही, पण कारण माहीत होतं. मोठा ताप, टायफॉइड, बाळंतपण, कशानेही शरीराला धक्का बसला की वाढीच्या अवस्थेतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. मूळ मरत नाही. बहुतेक वेळा केस परत येतात, काही न करताही. सासूबाईंनी माक्याचं तेल उकळायला घेतलं. नवरा म्हणाला, "तुझ्याकडे ते सोन्याच्या भावाचं निळं आहे ना, ते लाव की."

लावायचं तर नीट लावू या, असं माझ्यातल्या केमिस्टने ठरवलं. भांगाच्या डावीकडे सीरम, उजवीकडे नुसता बेस. पण एक अडचण होती. सीरम निळं, बेस पाण्यासारखा. मला दिसणार, मग मन खोटं बोलणार. म्हणून क्यूसीतल्या, म्हणजे गुणवत्ता तपासणीतल्या पोरीने बेसला रंग दिला. परवानगी असलेला ब्रिलियंट ब्ल्यू, पण तो जरा जास्त आकाशी पडतो, म्हणून त्यात लालचा अगदी कणभर. तिने चार दिवस खपून छटा अशी जुळवली की ट्यूबलाइटखाली नाही, खिडकीशी नाही, कुठेच फरक कळेना. मग दोन बाटल्यांवर अ आणि ब लिहून कुठली कुठली ते एका चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी आपल्या डब्यात ठेवली. पाच महिने अ डावीकडे, ब उजवीकडे. रविवारी सासूबाईंचं तेल दोन्हीकडे, त्याला ना म्हणायची माझी छाती नव्हती.

प्रयोग म्हणून हा कच्चाच. एक डोकं, त्यातही दोन्ही पाणी ओघळून एकमेकांत जाणार, उशीवर पुसलं जाणार. तरी मी मोबाइलला जोडायच्या भिंगाने दोन्हीकडे भुवईपासून मोजून एकाच उंचीवरची जागा बघायचे. मार्च संपताना भांगाच्या कडेला अर्धा इंच उभे राहिलेले नवे केस दिसू लागले, पाखराच्या पिलासारखे. डावीकडे. आणि उजवीकडे. मे महिन्यात पोरीने डबा उघडून चिठ्ठी वाचली. अ पेप्टाइड, ब रंग. माझ्या डोक्याला दोन्ही सारखेच वाटले होते. आम्ही दोघी हसलो आणि बाटल्या माझ्या टेबलावर राहिल्या.

तिथे त्या पुण्याच्या मुलाने त्या पाहिल्या.

त्याला मी सगळं सांगितलं, कौतुकाने, आपल्या प्रयोगाची गोष्ट सांगावी तसं. त्याने दोन्ही बाटल्या उचलून खिडकीशी धरल्या. बराच वेळ. मग विचारलं, "ह्यात काय आहे?" मी म्हटलं, "पाणी, ग्लिसरीन, जेल, प्रिझर्व्हेटिव्ह, रंग."

"आणि कॉस्ट?"

मी आकडा सांगितला. तो काही बोलला नाही. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅम, केस मस्त आलेत हां. एखादा फोटो द्या ना." मी दिला नाही, एवढं एक बरं केलं.

तीन आठवड्यांनी त्याची मेल आली. पेप्टाइडची मात्रा एक दशांश करायची, आणि शेड आधीच्या बॅचशी जुळवायची. खाली त्याने सोलच्या त्या अभ्यासाचा हवाला दिला होता. इतक्या सूक्ष्म मात्रेत काम करतं, मग 0.1 टक्का कशाला? मला उत्तर सुचेना. ताटलीतल्या मुळाला पेप्टाइड थेट भेटतं आणि डोक्यावर त्याला कातडीचा सगळ्यात वरचा कोरडा थर ओलांडून जावं लागतं, हे मी लिहिलं. रेणू लहान आहे पण पाणीप्रेमी आणि भार असलेला, तो थर त्याला सहजी आत घेत नाही, म्हणून वर जास्त ठेवावं लागतं, हेही. त्याने उत्तर दिलं : समजलं मॅम, पण जास्त ठेवून तुमच्या डोक्यावर फरक पडला का? माझाच प्रयोग माझ्यापुढे टाकला. एका डोक्यावरून, तेही आपोआप बरं होणाऱ्या गळतीवरून, असा निष्कर्ष काढता येत नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. पण "पडला" असं म्हणता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं.

कायद्यात कुठे बसत नाही ते शोधलं. बसत होतं. लेबलवर टक्केवारी नव्हतीच, कॉपर ट्रायपेप्टाइड-1 हे नाव होतं आणि ते बाटलीत होतं. रंगाचा नंबर घटकांच्या यादीत छापावा लागेल एवढं मी लिहून दिलं, त्याने छापला. यादीच्या शेवटी, मुंगीच्या अक्षरात. मालक म्हणाले, यात आपलं काय जातंय? आणि आम्ही बॅच केली. सहीची जागा माझी होती, मी सही केली. क्यूसीतली पोर शेड जुळवून द्यायला आली तेव्हा माझ्याकडे बघत नव्हती. तिने मला मदत म्हणून शोधलेली छटा होती ती.

गिऱ्हाइकांची एकही तक्रार आली नाही.

हा मुलगा वाईट होता असं मला लिहायचं नाही. त्याच्यासारख्यांपेक्षा फार वाईट मी पाहिलेत. जानेवारी 2025 मध्ये बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुळासकट हातात येऊ लागले. बायका, पोरं, म्हातारे. आधी पाण्यावर संशय घेतला गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हाकडे बोट दाखवलं, रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. मेंढीला तांबं कमी पडलं म्हणून लोकर बिघडली होती, इथे दुसरंच एक सूक्ष्म मूलद्रव्य जास्त झालं म्हणून केस गळत होते, असा त्या निदानाचा अर्थ. त्या आठवड्यात आमच्याकडे दोन ठिकाणांहून फोन आले की तुमचं ते निळं सीरम विदर्भात लवकरात लवकर किती पाठवता येईल. मी फोन खाली ठेवला. नंतर अनेकांचे केस परत येऊ लागले. कुठली तरी बाटली तेव्हा कोणाच्या तरी मोरीत असेल, आणि तिला त्याचं श्रेय मिळालं असेल.

आणि हल्ली तर पेप्टाइड बाटलीतूनही बाहेर पडलंय. फक्त संशोधनासाठी असा शिक्का मारलेल्या छोट्या व्हायल लोक कुरिअरने मागवतात आणि इन्शुलिनच्या सिरिंजने स्वतःला टोचून घेतात, सुरकुत्यांसाठी, केसांसाठी. एका जिमवाल्या मुलाने मला माझ्या पुतण्यामार्फत विचारलं की पोटात टोचू की दंडात. मी त्याला विळ्याची गोष्ट सांगितली. मोकळं तांबं पान जाळतं. व्हायलमध्ये किती धरलेलं आहे, किती मोकळं, आणखी काय आहे, हे तपासणारा विळा तुझ्याकडे आहे का? त्याला गोष्ट आवडली म्हणे. टोचायचं थांबवलं की नाही, कळलं नाही.

नाना दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटच्या वर्षात एकदा कारखान्यात आले होते. मी त्यांना 0.1 टक्क्याचं जुनं सीरम दाखवलं, हे काय ते सांगितलं, किंमत सांगितली. त्यांनी थेंबभर हाताच्या पाठीवर घेतलं, चोळलं, वास घेतला. म्हणाले, "चुना घातला नाही का?" मी म्हटलं, चुन्याचं काम यात दुसरं कोणी करतं. त्यांनी मान डोलावली, आणि सवयीने हात बाहीला पुसला.

परवा कंट्रोल सॅम्पलचं कपाट आवरत होतो. मुदत संपलेल्या बाटल्या क्रेटमध्ये भरायच्या, उरलेल्या पुन्हा लावायच्या. केटलवरचे काका मदतीला होते. जुनी बॅच आणि नवी बॅच शेजारी होत्या, दोन्हींची मुदत संपलेली. नव्या बॅचची बाटली पहिल्या दिवशीइतकीच निळी होती, रंग काही हलला नव्हता. जुनीतला निळा थोडा मळला होता, कडेने हिरवट.

"ही खराब झालीय बघा ताई," काका जुनी बाटली पुढे करत म्हणाले. "ही चांगली दिसतेय, हिला राहू द्यायची का?"

"दोन्हींची मुदत गेलीय काका."

त्यांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या, त्या मुलाने धरल्या होत्या तशाच. मग क्रेटकडे बघितलं. "एकाच क्रेटमध्ये?"

"एकाच," मी म्हटलं, आणि रजिस्टरमध्ये दोन नंबर लिहिले.